चापभार, स्पर्धा-पिस्तुलाचा

चापभार म्हणजे पिस्तुलाचा चाप, अर्थात ट्रिगर, सुटेपर्यंत बोटाने द्यावा लागणारा जोर. तो ग्रॅममध्ये मोजतात; अमेरिकी स्पर्धांत पौंडांत (1 पौंड = सु. 454 ग्रॅ.). स्पर्धेच्या पिस्तुलाचा हा भार शस्त्रकारागिराकडून नियमाच्या मर्यादेपर्यंत उतरवून घेण्याची प्रथा जुनी आहे. मराठीत ‘घोडा’ हा शब्द चापासाठीही वापरतात आणि काडतुसावरील आघातासाठी मागून आपटणाऱ्या भागासाठीही. या नोंदीत बोटाखालचा तो चाप आणि मागून आपटणारा तो घोडा, असा भेद पाळला आहे.

भार उतरवण्यामागचे कारण साधे आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 25 मी. अंतरावरून नेम धरण्याच्या प्रकारांतील पिस्तूल 1,400 ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. अशा पिस्तुलाचा चाप 1,800 ग्रॅमला सुटत असेल, तर बोटाचा जोर शस्त्राच्या वजनापेक्षाही जास्त होतो आणि नेम शेवटच्या क्षणी ढळतो. 10 मी. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ 11.5 मिमी. व्यासाचे असते. पुढच्या-मागच्या साइटमधले अंतर 315 मिमी. धरले, तर पुढची साइट मागचीच्या तुलनेत पाव मिमी. सरकली की दहा गुण हातचे जातात.

रचना : घोडा ताणला की त्याच्या बुडाशी असलेली खाच एका छोट्या पोलादी तरफेच्या ओठावर अडकते. या तरफेला सिअर म्हणतात. चाप ओढल्यावर सिअर फिरते, ओठ खाचेतून निसटतो आणि मुख्य स्प्रिंगच्या जोराने घोडा पुढे आदळतो. बोटाला जाणवणारा भार घर्षण, सिअरला जागेवर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचा ताण आणि खाचेचा कोन या तिन्हींतून येतो. मुख्य स्प्रिंग जितकी कडक, तितके घर्षण अधिक. म्हणून नुसती स्प्रिंग बदलूनही आकडा खाली येतो. पण मुख्य स्प्रिंग फार मऊ केली तर घोड्याचा आघात कमी पडून काडतूस पेटत नाही. आकडा कमी झाला म्हणजे चाप चांगला झाला, ही समजूत नेमबाजांत बरीच पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. एक किलोला काच तुटावी तसा स्वच्छ सुटणारा चाप हा आठशे ग्रॅमला खरखरत, अडखळत सरकणाऱ्या चापापेक्षा केव्हाही सरस.

खरे कसब कोनात आहे. जॉन ब्राउनिंगच्या रचनेचे, 1911 साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले पिस्तूल घेतले, तर घोड्याची खाच जेमतेम अर्धा मिमी. उंचीची असते, सगळी कारागिरी त्या अर्ध्या मिलिमीटरवर चालते. ओठ निसटताना घोडा किंचित मागे रेटला जात असेल तर कोन धन, जागीच राहत असेल तर सम आणि पुढे ढळत असेल तर ऋण मानतात. ऋण कोनाचा चाप बोटाला मऊ लागतो, पण धक्क्यानेही सुटू शकतो. तो सर्वांनीच त्याज्य मानला आहे. सम की किंचित धन, याविषयी मात्र कारागिरांत एकमत नाही. किंचित धन कोनाचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, कारण चाप अर्धवट ओढून नेमबाजाने विचार बदलला आणि बोट सैल केले, तर त्या कोनात सिअर पुन्हा पूर्ण बसते. सम कोनात ती अर्ध्यावरच टेकून राहण्याचा संभव असतो, आणि पुढच्या ओढीला चाप अपेक्षेआधी सुटतो.

याच पिस्तुलात एकच तीन पाकळ्यांची पट्टी-स्प्रिंग सिअर, डिस्कनेक्टर (एका ओढीत एकच गोळी सुटू देणारा भाग) आणि मुठीवरची सुरक्षा-कळ या तिघांना दाबून धरते. त्यामुळे एक पाकळी सैल केली की बाकी दोन्ही भागांचे वागणे नव्याने तपासावे लागते. सिअरचा पृष्ठभाग केवळ वरून कठीण केलेला असेल, तर जास्त घासल्याने तो थर निघून जातो. मग ओठ झिजू लागतो आणि आज नेमका लावलेला भार काही महिन्यांत आपोआप बदलतो. काम बिघडल्याची ओळखीची लक्षणे दोन : स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) बंद होताना घोडा तिच्यापाठोपाठ खाली येणे, आणि एका ओढीत दोन गोळ्या सुटणे. म्हणून चांगला कारागीर रिकाम्या पिस्तुलाची तपासणी झाल्यावरही मॅगझिनमध्ये आरंभी एक-दोनच काडतुसे भरतो.

इतिहास : हलक्या चापाची कल्पना बंदुकीहून जुनी असावी. मध्य यूरोपातील सोळाव्या शतकाच्या सुमाराच्या आडधनुष्यांत (क्रॉसबो) अनेक तरफांचे, आधी ‘लावून’ ठेवायचे चाप आढळतात. तेथूनच ते चाक फिरवून ठिणगी पाडणाऱ्या (व्हीललॉक) बंदुकांत आले, असे मानण्याकडे कल आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश द्वंद्व-पिस्तुलांत असा, आधी लावून ठेवला की अगदी हलक्या स्पर्शाने सुटणारा केसचाप (हेअर ट्रिगर) प्रचलित होता. त्यावरून सर्वाधिक वाद झाला तो 11 जुलै 1804 रोजी वीहॉकन (न्यू जर्सी) येथे झालेल्या अ‍ॅलेक्झांडर हॅमिल्टन व एरन बर या अमेरिकी राजकारण्यांच्या द्वंद्वाबाबत. लंडनच्या वॉग्डन घडणीची ती पिस्तुले हॅमिल्टनचे साडू जॉन बार्कर चर्च यांची होती. 1976 च्या सुमारास त्यांत केसचाप असल्याचे प्रसिद्ध झाले आणि हॅमिल्टनने छुपा फायदा घेण्याचा बेत केला असावा, असा तर्क मांडला गेला. तो टिकणारा नाही. हॅमिल्टनचे साहाय्यक नथॅनिएल पेंडलटन यांच्या निवेदनानुसार, केसचाप लावू का, असे त्यांनी विचारले होते आणि हॅमिल्टनने ‘या वेळी नको’ असे उत्तर दिले होते. म्हणजे निदान या दोघांत तरी ती गोष्ट गुप्त नव्हती. हॅमिल्टनची गोळी नेम न धरता सुटली की मुद्दाम वर झाडली गेली, हा प्रश्न मात्र केसचापाच्या शोधाने सुटलेला नाही.

नियम : आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने किमान भार ठरवून दिले आहेत : 10 मी. एअर पिस्तुलाला 500 ग्रॅ. आणि 25 मी. प्रकारांना 1,000 ग्रॅ. जलद गोळीबाराच्या पिस्तुलाला ही अट 2005 पासून लागू झाली. त्याआधी त्या प्रकारात चापाला मर्यादा नव्हती. 50 मी. पिस्तुलाला आजही नाही, पण हा प्रकार 2016 च्या रिओ स्पर्धेनंतर ऑलिंपिकमधून गेला.

मोजणीची रीत पाहण्यासारखी आहे. नळी उभी धरून चापाच्या साधारण मध्यावर प्रमाणित वजन अडकवतात. सपाट पृष्ठभागावर ठेवलेले ते वजन वर उचलले जाईपर्यंत चाप सुटता कामा नये. जास्तीत जास्त तीन प्रयत्न मिळतात. एअर पिस्तुलात हवेचा दाब कार्यरत ठेवूनच ही चाचणी घेतात. गोळीबार संपल्यावरही चिठ्ठी काढून तपासणी होते आणि तेथे नापास झालेला नेमबाज बाद होतो. त्यामुळे भार बरोबर 500 ला लावून घेणे धोक्याचे ठरते. जाणते नेमबाज दहा-वीस ग्रॅम वरच राहतात.

आधुनिक स्पर्धा-पिस्तुलांत ओढीचा पहिला, हलका टप्पा, चाप सुटण्याचा दुसरा टप्पा व सुटल्यानंतरची सरक यांसाठी वेगवेगळे स्क्रू असतात आणि बरेचसे काम नेमबाज स्वतः करतो. इलेक्ट्रॉनिक चापात सिअरऐवजी विद्युत्-कळ असल्याने झिजेचा प्रश्न उरत नाही; किमान भाराचा नियम त्यालाही लागू आहे.