बिली आयडल : पंककडून पॉप-रॉककडे

(३० नोव्हेंबर १९५५ – ). इंग्रज रॉक गायक. मूळ नाव विल्यम ब्रॉड. १९७६ साली लंडनमध्ये टोनी जेम्स या बेसवादकासोबत त्याने ‘जनरेशन एक्स’ हा पंक बँड काढला. धावते ड्रम्स, खरखरीत गिटारचे अखंड कॉर्ड आणि त्यावर मात करायला ओरडून गाणे, अशी त्यांची सुरुवातीची घडण होती.

टोकियोतल्या डिस्कोमध्ये आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबासमोर नाचणारी मुले पाहून सुचलेले ‘डान्सिंग विथ मायसेल्फ’ (१९८०) हे वळणाचे गाणे. ब्रिटनमध्ये ते फारसे खपले नाही. १९८१ मध्ये बँड मोडला आणि आयडल न्यूयॉर्कला गेला. तिथे त्याला गिटारवादक स्टीव्ह स्टीव्हन्स भेटला.

पंककडून पॉप-रॉककडे झालेल्या या बदलाचे खरे श्रेय ध्वनिमुद्रणांचा निर्माता कीथ फॉर्सी याच्याकडे जाते. तो मूळचा ड्रमर, जॉर्जिओ मोरोडरच्या डिस्को ध्वनिमुद्रणांत वाजवलेला. पंकमध्ये जोश चढला की लय पळते. ऐकताना मजा येते, पण नाचणाऱ्याचा पाय चुकतो. फॉर्सीने लय बांधून घेतली, गरज पडली तिथे ड्रम मशीन वापरले. दुसरे काम गिटारचे. सगळ्या पट्ट्या व्यापणारी खरखर गायकाचा खालचा सूर गिळून टाकते. म्हणून ‘व्हाइट वेडिंग’च्या (१९८२) सुरुवातीला स्टीव्हन्स तारा एकेक करून छेडतो, खरखर नंतर येते. त्या मोकळ्या जागेत आयडलचा भरदार, खर्जाकडे झुकणारा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झालेल्या एमटीव्ही या संगीत-व्हिडिओंच्या वाहिनीने त्याचे उभे सोनेरी केस आणि वाकडा ओठ घरोघरी पोचवले, हेही खरे.

‘आइज विदाउट अ फेस’मध्ये हे तंत्र सर्वांत पक्के दिसते. आवाज जवळजवळ कुजबुजीवर, मागे गायिका पेरी लिस्टरची फ्रेंच ओळ. मध्येच गिटार उसळते, आयडल गाणे सोडून ठेक्यात बोलू लागतो आणि पुन्हा सगळे शांत होते. १९८४ मध्ये हे गाणे अमेरिकेत ४थ्या क्रमांकावर पोचले. गुळगुळीतपणात पंकचा दंश शाबूत ठेवणे म्हणजे काय, ते इथे कळते.

‘व्हिपलॅश स्माइल’ (१९८६) या अल्बममध्ये मात्र यंत्रांचा भार वाढला आणि वाजवणाऱ्यांची आपसातली ओढाताण हरवली. त्यानंतर स्टीव्हन्सही वेगळा झाला. १९८१ मध्ये स्टुडिओत गायलेले ‘मोनी मोनी’ १९८७ मध्ये मैफलीतल्या ध्वनिमुद्रणाच्या रूपात आले, आणि अमेरिकेत पहिला क्रमांक आयडलला मिळाला तो याच गाण्याने.