दाताच्या इन्फेक्शनची गोळी आणि टीबीची गोळी: माला-एनला अडचण कुणाची?

अशोक चौकाकडच्या आमच्या मेडिकलवर परवा एक बाई आल्या. विड्यांचा माल देऊन घरी निघालेल्या. दाताला सूज आली म्हणून डॉक्टरांनी पाच दिवस अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलेलं. दिवस राहू नयेत म्हणून रोज माला-एन गोळी चालूच. "अक्का, ह्या गोळ्या चालू असताना माला-एन लागू पडत नाही म्हणं. पाच दिवस बंद ठेवू का?"

अजिबात नको. मधेच पाच दिवस गोळी सोडली, तर दिवस राहण्याची भीती त्यानेच आहे.

अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन यांनी माला-एनचं काम बिघडत नाही. आतड्यातले जंतू गोळीतलं इस्ट्रोजेन हे हार्मोन पुन्हा रक्तात जायला मदत करतात, अँटिबायोटिकने ते मेले की हार्मोन कमी पडेल, असा जुना अंदाज होता. रक्त तपासल्यावर तसं आढळलं नाही, म्हणून ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये जास्तीची काळजी घ्यायचा सल्ला मागे घेतला. औषधाने जुलाब लागले तर मात्र गोष्ट वेगळी. उलट्या किंवा जोराचे जुलाब दोन दिवसांवर गेले, तर ते थांबल्यावर सलग सात गोळ्या होईपर्यंत निरोध वापरा.

मग ही भीती आली कुठून? टीबीच्या रिफाम्पिसिनवरून. तेही अँटिबायोटिकच, आणि त्या एका शब्दाने सगळा घोळ केला. रिफाम्पिसिन यकृताला इतकं जोरात कामाला लावतं, की माला-एनमधले दोन्ही हार्मोन भराभर मोडले जातात. बाई रोज न चुकता गोळी घेते, तरी ती अपुरी पडते. संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळीही कमी पडते. टीबीच्या नेहमीच्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये, आधी चार औषधं असोत की नंतर तीन, रिफाम्पिसिन शेवटपर्यंत असतं. लघवी नारंगी होते ती त्याच्यामुळेच. तो रंग का येतो हे बायकांना सांगितलं जातं. माला-एन घेता का, हे कुणी विचारत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. दमलेल्या, खंगलेल्या बाईला त्याच काळात नको असताना दिवस जावेत, आणि तेही एक प्रश्न न विचारल्यामुळे?

टीबीचं औषध सोडायचं नाही. माला-एन दुप्पट घेऊनही भागत नाही. डॉक्टरांशी बोलून तांबी बसवा किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन निवडा. दोन्हींवर रिफाम्पिसिनचा असा परिणाम होत नाही. आणि कोर्स संपला तरी यकृताचा तो वेग लगेच उतरत नाही, पुढचे चार आठवडे नुसत्या माला-एनवर विसंबू नका.