दूषित जमिनींचे शुद्धीकरण व पुनर्वापर (बेळगाव सीमाभाग)

कारखान्यांची रसायने, शहराचा साचलेला कचरा, सांडपाणी किंवा क्षार यांमुळे बिघडलेली जमीन साफ करून पुन्हा वापरात आणणे आणि त्यासाठी मिळणारे सरकारी साहाय्य. जमीन कशाने बिघडली यावर कायदा, खाते आणि पैसा ठरतो. बेळगाव जिल्ह्यात चारही प्रकार आढळतात आणि चौघांची वाट वेगळी आहे.

रासायनिक प्रदूषणासाठी केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळ व्यवस्थापनाचे नियम जाहीर केले. ते पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली येतात. त्यांनुसार स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची आणि मंडळाने प्राथमिक तपासणी ९० दिवसांत करायची. खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली, तरच सरकारी तिजोरी उघडते. घातक द्रव्यांच्या मर्यादाही शेती, निवासी, व्यापारी व औद्योगिक अशा वापरांनुसार वेगळ्या आहेत. नियम आले तेव्हा देशात १०३ दूषित जागा ओळखलेल्या होत्या; काम सुरू होते फक्त ७ ठिकाणी. किरणोत्सारी कचरा, खाणकाम आणि शहरी कचऱ्याचे डेपो या नियमांतून सामान्यतः वगळले आहेत.

याचे बेळगावातले उदाहरण म्हणजे यमनापूर. तिथल्या अ‍ॅल्युमिना कारखान्यातून (पूर्वीचा इंडाल, आताचा हिंडाल्को) निघणारा लाल चिखल कॉस्टिक सोड्यामुळे तीव्र अल्कधर्मी असतो. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी तो ‘प्रमाण मोठे, परिणाम कमी’ अशा वेगळ्या गटात ठेवला. लोह व अ‍ॅल्युमिनामुळे सिमेंट भट्ट्यांना तो चालतो आणि साठा कमी करण्याचा तोच मुख्य मार्ग आहे. कारखाना चालू असल्याने जबाबदार कोण हे शोधावे लागत नाही.

शहराचा कचरा वेंगुर्ला रस्त्यावरील तुरमुरीला जातो. अशा ठिकाणच्या जुन्या ढिगांसाठी साहाय्य येते ते स्वच्छ भारत अभियान (शहरी) २.० मधून. हे अभियान ऑक्टोबर २०२१ पासूनचे. एक ते दहा लाख वस्तीच्या शहरांना केंद्राचा वाटा ३३ टक्के असतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४.८८ लाख लोकसंख्या असलेले बेळगाव याच गटात बसते. बाकीचा भार राज्य व महापालिकेवर. ढीग उकरून रांगा रचतात, जिवाणूंचे द्रावण फवारतात, वाळला की फिरत्या चाळणीतून चाळतात. प्लास्टिक-चिंध्या सिमेंट भट्टीकडे, विटा-दगड भरावाला जातात. चाळून उरलेली बारीक माती मात्र जड धातू तपासल्याशिवाय अन्नधान्याच्या शेतात टाकू नये. ढिगातून झिरपणारे काळे पाणी आजूबाजूच्या विहिरींपर्यंत पोहोचू शकते, म्हणून ढीग हलला तरी विहिरींची तपासणी थांबवून चालत नाही.

अथणी, कागवाड, रायबाग, चिकोडी या कृष्णाकाठच्या भागात उसाला अती पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या. कायद्याच्या भाषेत हे प्रदूषण नव्हे, पण परत मिळालेल्या जमिनीचे चांगले उदाहरण इथेच आहे. उगार बुद्रुकला सरकारी अनुदान आणि शेतकऱ्यांचा हिस्सा यांतून मोठ्या क्षेत्रावर भूमिगत निचरा झाला. छिद्रांचे पाइप जमिनीखाली घालायचे आणि क्षार धुऊन निघालेले पाणी ओढ्यात सोडायचे, अशी ही पद्धत. एकट्याच्या शेतात ती जमत नाही. लगतच्या सगळ्यांची संमती लागते. उगारने ती मिळवली, याचे श्रेय पाइपांइतकेच गावाला द्यायला हवे.

सर्वांत उपेक्षित राहिले ते बळ्ळारी नाल्याकाठचे शिवार. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या याच भागातून बेळगावचा बासमती येई. नाल्यातून शहराचे सांडपाणी येते. गाळ आणि जलपर्णीने पात्र तुंबले की पावसाळ्यात हे सांडपाणी भातात शिरते. हलग्याजवळच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राला शेतकऱ्यांचा विरोध झाला, कारण त्यासाठीही पिकाऊ जमीनच जाणार होती. नाला स्वच्छ व्हावा असे ज्यांना सर्वांत जास्त वाटते, त्यांच्याच जमिनीवर घाला आला. केवळ सांडपाणी शिरले म्हणून शेत ‘दूषित स्थळ’ ठरत नाही. २०२५ च्या नियमांतले एखादे घातक द्रव्य मातीत मर्यादेबाहेर आढळावे लागते.

आणि ते शोधणार कोण? शेतकऱ्याच्या हाती येणारी सरकारी तपासणी म्हणजे २०१५ पासूनची मृदा आरोग्य पत्रिका. ती १२ बाबी मोजते : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू (आम्ल-अल्क पातळी), क्षारता व सेंद्रिय कर्ब. शिसे, कॅडमियम, क्रोमियम तिच्यात नाहीत. त्यांची वेगळी चाचणी प्रयोगशाळेतून करून, सर्व्हे नंबरासह अर्ज ग्रामपंचायत किंवा महापालिकेत द्यावा लागतो, म्हणजे ती जमीन संशयित जागांच्या सहामाही यादीत जाऊ शकते. सर्व्हे नंबर ज्यावर असतो तो जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो. त्यामुळे मराठी शेतकऱ्याला बहुधा कुणाकडून तरी तो वाचून घेऊनच हा अर्ज लिहावा लागतो.