टॅबलेटचे स्टोरेज मोकळे करणे आणि फॅक्टरी रीसेट

टॅबलेटमधल्या नको असलेल्या फाइल काढून जागा करणे आणि अख्खा टॅबलेट पुसून कोरा करणे (फॅक्टरी रीसेट) या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. बोलण्यात मात्र त्यांची सरमिसळ होते. ‘स्टोरेज फुल’ असे दिसले की ‘फॉरमॅट मारून टाक’ हा सल्ला ठरलेला. जागेच्या तक्रारीवर रीसेटची गरज क्वचितच पडते. टॅबलेट विकताना, कुणाला देताना किंवा दुसरा कुठलाच उपाय चालत नसताना तो करायचा असतो.

खोक्यावर ३२ जीबी लिहिलेले असले तरी तेवढी जागा हाती येत नाही. उत्पादक १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. संगणकाच्या दुसऱ्या मोजणीत तो २ चा ३० वा घात, म्हणजे १०७ कोटींहून जास्त बाइट असतो. या हिशेबाने ३२ चे २९.८ होतात आणि त्यातलेही काही जीबी ऑपरेटिंग सिस्टिम आधीच घेऊन बसलेली असते. शिवाय फ्लॅश मेमरीत, म्हणजे टॅबलेटच्या साठवणीच्या चिपमध्ये, लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी पूर्ण ब्लॉक (जागेचा अख्खा तुकडा) पुसावा लागतो. त्यासाठी मेमरी सांभाळणारी कंट्रोलर चिप मजकूर सतत इकडून तिकडे हलवत असते. हलवायला मोकळी जागाच उरली नाही की टॅबलेट अडखळू लागतो, आणि लोक म्हणतात ‘हँग होतोय’.

जागा सहसा व्हिडिओ, ऑफलाइन पाहायला उतरवून ठेवलेले कार्यक्रम, गेमच्या फाइल आणि मेसेजिंग ॲपने आपोआप डाउनलोड केलेली शुभेच्छांची चित्रे खातात. सेटिंगमधल्या स्टोरेजच्या पानावर कोणी किती जागा घेतली ते दिसते. सुरुवात तिथूनच करावी. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपच्या माहितीत कॅशे साफ करण्याचे आणि सगळा डेटा साफ करण्याचे अशी दोन बटणे शेजारी शेजारी असतात. पहिल्याने फक्त तात्पुरत्या फाइल जातात आणि त्या पुन्हा तयार होतात. दुसऱ्याने लॉगिन, सेटिंग, गेममधली प्रगती, अर्धवट लिहिलेले मसुदे असे सगळेच जाते. घाईत बोट पडते ते नेमके दुसऱ्यावर.

व्हिडिओ डिलीट केले तरी आकडा हलत नाही, याचे कारण बहुधा कचरापेटी असते. आयपॅडवर डिलीट केलेले फोटो ‘अलीकडे हटवलेले’ या अल्बममध्ये साधारण ३० दिवस राहतात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले फोटो ६० दिवस. ती पेटी वेगळी रिकामी करावी लागते. याच्या उलट धोका सिंकचा, म्हणजे सगळ्या उपकरणांवरचे फोटो आपोआप सारखे ठेवण्याच्या सोयीचा. ती चालू असताना टॅबलेटवरून डिलीट केलेला फोटो क्लाउडमधून (इंटरनेटवरच्या साठवणीतून) आणि त्याच खात्याच्या फोनवरूनही नाहीसा होतो. फक्त टॅबलेटवरची प्रत काढायची तर गुगल फोटोजमध्ये जागा मोकळी करण्याची स्वतंत्र सोय आहे. आयपॅडवर मूळ फोटो आयक्लाउडमध्ये आणि लहान प्रत टॅबलेटवर ठेवता येते. ॲप काढायचे पण त्यातला डेटा ठेवायचा, ही सोय आयओएस या ॲपलच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ११ व्या आवृत्तीपासून (२०१७) आयपॅडवर आहे. ‘क्लीनर’ नावाची ॲप मात्र बहुतेकदा स्वतःच जागा अडवतात आणि वर जाहिराती दाखवतात.

मेमरी कार्डाचे एक गौडबंगाल आहे. अँड्रॉइड ६.० (२०१५) पासून काही टॅबलेटमध्ये कार्ड अंतर्गत स्टोरेजचा भाग म्हणून जोडता येते. असे कार्ड त्या टॅबलेटच्या किल्लीने (गुप्त संकेताने) एन्क्रिप्ट होते, म्हणजे त्या किल्लीशिवाय त्यातला मजकूर वाचता येत नाही. टॅबलेट रीसेट झाला की किल्ली जाते, आणि कार्ड धडधाकट असूनही वाचता येत नाही. त्यातला मजकूर आधीच दुसरीकडे काढून घ्यावा.

रीसेट केल्यावर टॅबलेट विकत घेतला तेव्हाच्या आवृत्तीवर परत जातो, हा समज खरा नाही. सिस्टिमचे अपडेट तसेच राहतात, पुसला जातो तो वापरणाऱ्याचा विभाग. तो तरी पुरता पुसला जातो का, याची तपासणी केंब्रिज विद्यापीठाच्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी केली. अँड्रॉइड २.३ ते ४.३ चालणारे २१ जुने फोन त्यांनी रीसेट करून पाहिले आणि त्यातून संदेश, तसेच गुगल खात्यात शिरता येईल अशी माहिती परत मिळवली (२०१५). आता परिस्थिती बदलली आहे, कारण मजकूर मुळात एन्क्रिप्ट करूनच साठवला जातो. अँड्रॉइड १० (२०१९) पासून नव्या उपकरणांना ते बंधनकारक झाले. आयपॅडमध्ये ही व्यवस्था हार्डवेअरमध्येच आहे. रीसेट किल्ली नष्ट करतो, मागे उरतात ती निरर्थक अक्षरे. एन्क्रिप्शन बंद असलेल्या जुन्या टॅबलेटवर आधी ते चालू करून मग रीसेट करावा.

रीसेटनंतरचा खरा मनस्ताप असतो तो खात्याच्या कुलपाचा. चोरीला आळा बसावा म्हणून ॲपलने आयओएस ७ (२०१३) मध्ये आणि गुगलने अँड्रॉइड ५.१ (२०१५) मध्ये ते आणले. पॉवर आणि आवाजाची बटणे एकत्र दाबून रिकव्हरी मेनूतून केलेला रीसेट मजकूर पुसतो, पण कुलूप तसेच ठेवतो. सुरू होताच टॅबलेट जुन्या मालकाचाच पासवर्ड मागतो. म्हणून रीसेट शक्यतो सेटिंगमधूनच करावा, त्याआधी खाते काढावे, आयपॅडवर ‘फाइंड माय’ (हरवलेले उपकरण शोधण्याची सोय) बंद करावे. गुगलचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रीसेटपूर्वी २४ तास थांबायला सांगितले जाते.

बॅकअप ‘झाला’ असे लिहून आले म्हणजे तो झालाच असे नाही. दुसऱ्या उपकरणावर दोन-चार फाइल उघडून पाहाव्यात. डाउनलोड फोल्डर अनेकदा बॅकअपमध्ये नसतो. लॉगिनचे कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप टॅबलेटवर असेल तर ते आधी हलवावे, नाहीतर इतर खात्यांचीही दारे बंद होतात. चार्जर जोडलेला असावा. काम संपल्यावर भाषा निवडण्याचा पडदा आला की तिथेच थांबून टॅबलेट बंद करावा. ‘चालतो का बघू’ म्हणून पुन्हा आपल्या खात्याने लॉगिन केले, तर कुलूप परत बसते.