पुण्याचा उजेड नेमका पडतो कुठे?

सोडियमचे नारिंगी पथदिवे पुण्यातून जवळपास हद्दपार झाले आणि त्यांच्या जागी पांढरे एलईडी आले. 2015 मध्ये राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू झाल्यापासून देशभर हेच घडतंय. विजेची बचत खरी आहे, त्यात वाद नाही. पण दिव्याचा हिशेब नुसता वॅटमध्ये मांडला, की तो उजेड जातो कुठे हे कुणी विचारतच नाही.

पुण्यात या प्रश्नाचं उत्तर बरेचदा 'झाडात' असं असतं. उंच खांबावरचा दिवा पर्जन्यवृक्षाच्या फांद्यांत अडकलेला असतो. वरची पानं लखलखतात आणि खालच्या फुटपाथवर अंधार. मग तक्रार होते, जास्त वॅटचा दिवा बसतो, पानं आणखी उजळतात. खरा उपाय खांबाच्या उंचीत आहे. दाट झाडीच्या रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी चार-पाच मीटरचे बुटके खांब फांद्यांच्या खाली लावले, तर कमी वॅटमध्ये काम भागतं.

दिव्याचं तोंडही महत्त्वाचं. काच सपाट आणि जमिनीला समांतर असेल, तर प्रकाश वर जात नाही. दिवा जरा तिरका बसवला की आडवा निघालेला प्रकाश लांबवर जातो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो. असा झगझगीत प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि दृश्यावर धूसर पडदा धरतो. मोतीबिंदू असेल तर जास्तच. दिवा ठळक दिसतो, त्याच्या पुढचा खड्डा दिसत नाही. दुचाकीवरच्या पुणेकराला हे भौतिकशास्त्र वेगळं शिकवायला नको.

आता रंग. हवेतले रेणू प्रकाश विखुरतात ते तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. पांढऱ्या एलईडीतला निळा भाग 450 नॅनोमीटरच्या आसपास असतो, सोडियमचा पिवळा 590च्या. गणित केलं तर निळा सुमारे तिप्पट विखुरतो, म्हणून शहरावरचं आकाश दुधाळ होतं. दिव्याच्या रंगछटेचा केल्विनमधला आकडा जितका मोठा, तितका त्यात निळा भाग जास्त. 6000 केल्विनचा दिवा त्यामुळे 2700 केल्विनच्या उबदार दिव्यापेक्षा आकाशाला जास्त त्रास देतो. झोपेशी संबंधित मेलाटोनिन दाबणाऱ्या डोळ्यातल्या पेशीही 480 नॅनोमीटरच्या आसपासच सर्वाधिक संवेदनशील असतात.

गंमत अशी, की रात्रीचा उजेड मोजायला जगभर वापरला जाणारा उपग्रहावरचा संवेदक 500 नॅनोमीटरखालचा प्रकाश टिपतच नाही. सोडियम काढून एलईडी लावला की त्याच्या लेखी शहर मंदावतं! जमिनीवरून तारे मोजणाऱ्या हजारो हौशी निरीक्षकांच्या 2011 ते 2022 मधल्या नोंदींनी, ज्या मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या होत्या, उलटं सांगितलं: आकाश दरवर्षी सरासरी 9.6 टक्क्यांनी उजळत होतं. 1944 पासून पुण्यात आकाशदर्शनाची गोडी लावणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळींना चांगलं आकाश हवं असेल तर शहर सोडावं लागतं, ते उगाच नाही.

किड्यांचं नुकसान आकाशापेक्षा जवळचं. स्वित्झर्लंडमधल्या कुरणांत प्रयोगासाठी पथदिवे लावले, तर फुलांवर येणाऱ्या निशाचर कीटकांच्या भेटी 62 टक्क्यांनी घटल्या, असं 2017 मध्ये दिसलं. वेताळ टेकडीच्या पायथ्याचे किंवा पाषाण तलावाकाठचे दिवे म्हणूनच बाजीराव रस्त्यासारखे असू नयेत. तिथे पिवळसर, कमी तीव्रतेचा आणि टेकडीकडे पाठ केलेला दिवा हवा. काही ठिकाणी तर दिवाच नको. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला राजमाचीला गाड्या भरून जाणाऱ्यांना हे पटायला हरकत नसावी. नर काजव्याची लुकलुक मादीला दिसली नाही, तर पुढची पिढीच नाही.

मध्यरात्रीनंतर रहदारी ओसरली की एलईडी निम्म्यावर आणता येतो. डोळ्याला तो निम्मा वाटतही नाही, कारण डोळा उजेडातला बदल पटीत जोखतो. मात्र दिवा मंद करू देणारा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारा दिव्यातला भाग, खरेदीच्या वेळीच मागावा लागतो. तो ड्रायव्हर स्वतंत्र बदलता येईल, हेही निविदेत लिहावं. बहुतेकदा तोच आधी जळतो, आणि त्यासाठी ॲल्युमिनिअमचा अख्खा दिवा भंगारात जातो.

एवढं करूनही पथदिवे हा प्रश्नाचा एक तुकडाच राहतो. अमेरिकेतल्या टूसान शहराने 2019 मध्ये काही रात्री पथदिवे मुद्दाम कमी-जास्त केले आणि उपग्रहातून पाहिलं. मध्यरात्रीनंतर दिसणाऱ्या उजेडात पथदिव्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी निघाला. बाकीचा पार्किंग, दुकानं, पाट्या वगैरेंचा. पुण्यात त्यात चौकातली एलईडी होर्डिंगं आणि झाडांच्या बुंध्यांना गुंडाळलेल्या रंगीत माळा धरा. या माळा कुणालाच रस्ता दाखवत नाहीत, तेव्हा मंद करण्याआधी त्या बंद करायला हव्यात, आणि होर्डिंगच्या परवान्यात रात्री अकराची वेळ घालायला तर नवं तंत्रज्ञानही लागत नाही.