नर्सिंग होममध्ये औषधांचं स्वयंचलित मशीन: अमेरिकेत अर्ज कोणी करायचा, कागद कोणते लागतात

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डॉक्टरांचं दहा-वीस खाटांचं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे जिथे थकलेली, आजारी माणसं महिनोन्‌महिने, कधी अखेरपर्यंत राहतात ती जागा. तिथल्या फार्मसीत काम करणारी मराठी मंडळी बरीच आहेत, आणि आई-वडिलांना अशा ठिकाणी ठेवावं लागलेली कुटुंबंही. ही माहिती दोघांसाठी.

बहुतेक नर्सिंग होमकडे स्वतःची फार्मसी नसते. गोळ्या बाहेरून येतात, पुठ्ठ्याच्या कार्डावर एकेका फुग्यात बंद केलेल्या. समजा एका आजोबांसाठी ऑक्सिकोडोन या तीव्र वेदनाशामकाच्या ३० गोळ्यांचं कार्ड आलं आणि सहाव्या दिवशी आजोबा गेले. उरलेल्या गोळ्या फार्मसीला परत करता येत नाहीत, कारण नियंत्रित औषधं (व्यसन लागू शकतं म्हणून कायद्याने बंधनं घातलेली) हाताळण्याची केंद्रीय नोंदणी सहसा नर्सिंग होमकडे नसते. मग त्या कुलपात पडून राहतात; पाळी बदलताना दोन नर्स त्या मोजतात, वहीत सह्या करतात. अशा साठ्यातूनच चोरी होते. तो साठू नये म्हणून ड्रग एन्फोर्समेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे नियंत्रित औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या डीईए या केंद्रीय यंत्रणेने, २००५ साली नर्सिंग होममध्ये गरजेपुरतीच गोळी बाहेर देणारं स्वयंचलित मशीन बसवायला परवानगी देणारा नियम केला.

या नियमाचा गाभा एकदा कळला की पुढचे कागद आपोआप समजतात. मशीन नर्सिंग होमच्या भिंतीला टेकून उभं असलं तरी कायद्याच्या नजरेत ते फार्मसीचं कपाट आहे. आतली गोळी बाहेर येईपर्यंत फार्मसीच्याच साठ्यात मोजली जाते. रुग्ण गेला किंवा डॉक्टरांनी औषध बंद केलं, तर न काढलेली गोळी मशीनमध्येच राहते आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

म्हणून मशीनसाठी डीईएकडे नोंदणीचा अर्ज करायची पात्रता एकाचीच: किरकोळ फार्मसीची. नर्सिंग होम, मशीन बनवणारी कंपनी किंवा डॉक्टर यांच्यापैकी कोणालाही हा अर्ज करता येत नाही. शिवाय प्रत्येक नर्सिंग होमच्या पत्त्यावर वेगळी नोंदणी लागते. एकाच ठिकाणी दोन फार्मसींची मशीनं असतील, तर नोंदण्याही दोन.

सुरुवात राज्याकडून करा. राज्याच्या फार्मसी बोर्डाची परवानगी हातात आल्यावरच डीईएचा फॉर्म २२४ भरायचा. त्यासोबत लागतं प्रतिज्ञापत्र, आणि माझ्या मते सगळ्यात जपून भरायचा कागद तोच. त्यात सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा, फार्मसी चालवणाऱ्या कंपनीचं किंवा मालकाचं नाव, फार्मसीचा पूर्ण पत्ता, नर्सिंग होमचं नाव व पूर्ण पत्ता, राज्याने परवानगी दिल्याचं प्रमाणन, परवाना क्रमांक असल्यास तो आणि परवानगीची तारीख हे सगळं यायला हवं. माहिती खोटी निघाल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो, नोंदणी रद्द होऊ शकते, खटलाही होऊ शकतो, हे मान्य असल्याचं विधानही त्यातच असतं. मसुद्याची नेमकी भाषा डीईएने ठरवून दिलेली आहे. ती जशीच्या तशी घ्या, स्वतःच्या शब्दांत लिहायला जाऊ नका. राज्याच्या परवान्यावरचा पत्ता आणि प्रतिज्ञापत्रातला पत्ता पिनकोडसकट ताडून पाहा. या जादा नोंदणीला अर्जशुल्क नाही.

राज्याराज्यांत फरक पडतो. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. तिथे मशीनचा परवाना फक्त चालू परवाना असलेल्या फार्मसीला मिळतो, आणि दर मशीनला वेगळा अर्ज करावा लागतो. अर्ज पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत बोर्डाचा माणूस जागा पाहून जातो; मशीन दुसरीकडे हलवलं तर पुन्हा तपासणी. नर्सने गोळी काढण्याआधी फार्मासिस्टने डॉक्टरांची ऑर्डर तपासलेली असली पाहिजे, तातडीचा प्रसंग सोडून. फार्मासिस्टने दर महिन्याला आतली औषधं, मशीनची स्वच्छता आणि व्यवहारांच्या नोंदी तपासायच्या, आणि त्या नोंदी किमान ३ वर्षं जपायच्या. ही मासिक फेरी मला सगळ्यात मोलाची वाटते. मुदत संपलेली स्ट्रिप किंवा चुकीच्या खणात गेलेली गोळी शेवटी माणसाच्या डोळ्यालाच दिसते.

नोंदणी मिळाली की काम संपलं, असं समजू नका. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन यांसारख्या दुसऱ्या अनुसूचीतल्या (नियंत्रित औषधांच्या कडक बंधनांच्या यादीतल्या) औषधांसाठी डॉक्टरांचं वैध प्रिस्क्रिप्शन लागतंच. केसपेपरवरची नोंद त्याच्या जागी चालत नाही. नर्सिंग होममधल्या रुग्णासाठी फॅक्सने आलेलं प्रिस्क्रिप्शन मूळ प्रत म्हणून धरलं जातं, आणि ते ६० दिवसांपर्यंत थोडं थोडं देता येतं. तातडीच्या वेळी तोंडी ऑर्डर चालते, पण मागोमाग ७ दिवसांत लेखी प्रिस्क्रिप्शन पोचलं पाहिजे. रात्री अडीच वाजता कोणी वेदनेने कण्हत असताना नर्सने फार्मसीला फोन लावला, तर फार्मासिस्टने हे सगळं आधीच जमवून ठेवलेलं असावं. कागदासाठी त्या माणसाला ताटकळत ठेवणं मला मान्य नाही.

घरच्यांनीही विचारायला संकोचू नये. मशीन कोणत्या फार्मसीचं आहे? ऑर्डर कोण तपासतं? औषध बंद झालं की उरलेल्या गोळ्यांचं काय होतं? केंद्राच्या नियमाप्रमाणे फार्मासिस्टने प्रत्येक रहिवाशाच्या औषधांचा महिन्यातून किमान एकदा आढावा घ्यायचा असतो; त्यात काय निघालं, तेही विचारा. नर्सिंग होमकडून समाधान झालं नाही, तर प्रत्येक राज्यात दीर्घकालीन देखभालीसाठी ओम्बुड्समन, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारी पाहणारा अधिकारी, असतो. त्याच्याकडे रहिवाशाला स्वतः किंवा नातेवाइकांना तक्रार करता येते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. फार्मसीविरुद्धची तक्रार मात्र राज्याच्या फार्मसी बोर्डाकडे करायची.