जुन्या स्पोर्ट्‌स कारमधील चार्जिंग व वायरिंगचे दोषनिदान

जुन्या स्पोर्ट्‌स कारची बॅटरी चार्ज का होत नाही, विद्युत्‌प्रवाह कुठे अडतो किंवा कुठे गळतो, हे मोजमाप करून शोधण्याची पद्धत. या नोंदीत मुख्यतः ब्रिटिश बनावटीच्या दोन-आसनी गाड्यांचा विचार केला आहे: एमजीबी (१९६२–८०), ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२–८०) आणि त्यांच्या आधीच्या एमजी. सांगली-सातारा भागात अशी गाडी क्वचितच दिसते, पण तिची वायरिंग इथल्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला परकी नाही. ॲम्बॅसिडर आणि स्टँडर्ड हेरल्डमध्ये लुकास (मोटारींचे विद्युत्‌भाग बनवणारी ब्रिटिश कंपनी) पद्धतीचीच यंत्रणा असे, आणि स्पिटफायर तर हेरल्डच्याच सांगाड्यावरून बेतलेली आहे.

तक्रार बहुधा एकच असते: बॅटरी सारखी बसते. त्यावर नवी बॅटरी टाकली जाते, काही दिवसांनी तीही बसते, मग डायनामो (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे जुन्या पद्धतीचे जनित्र) उतरवला जातो. हा क्रम उलटा आहे. या वयाच्या गाड्यांत दोष पुष्कळदा सांध्यात, अर्थमध्ये (गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परतणाऱ्या जोडणीत) किंवा गंजलेल्या टर्मिनलमध्ये असतो. म्हणून मीटर आधी, पाना नंतर.

गाडी काही तास उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण भरलेली आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. अल्टरनेटर (डायनामोनंतर आलेले जनित्र) असलेल्या गाडीत इंजिन थोडे वाढवल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.४ पर्यंत जायला हवा. तो १३ च्या खालीच राहिला तर चार्जिंग नाही. १५ च्या आसपास गेला तर चार्जिंगचा दाब आवरणारा रेग्युलेटर गेला आहे आणि बॅटरीतले ॲसिड उकळणार. एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्या वेगवेगळ्या मोजाव्यात आणि त्यांना जोडणारी पट्टीही तपासावी.

१९६७ च्या सुमारास एमजीबीत डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आणि पॉझिटिव्ह अर्थच्या जागी निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडण्याऐवजी ऋण टोक. दोहोंचे निदान वेगळे आहे. अल्टरनेटरला सुरुवातीचा क्षेत्रप्रवाह डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून मिळतो. चावी फिरवल्यावर तो दिवा पेटतच नसेल, तर बल्ब उडाल्यामुळेच चार्जिंग बंद असू शकते. डायनामो स्वतःच्या शिल्लक चुंबकत्वावर उठतो, त्यामुळे तिथे बल्ब उडाला तरी चार्जिंग चालू राहते.

डायनामोची परीक्षा सोपी आहे. त्याच्या डी आणि एफ टर्मिनलांवरच्या वायरी काढून ती दोन टर्मिनले एका छोट्या वायरने जोडावीत, मीटरचे एक टोक तिथे आणि दुसरे डायनामोच्या बॉडीला लावावे व इंजिनाची गती हळूहळू वाढवावी. दाब झपाट्याने चढला तर डायनामो ठीक आहे; दोष कंट्रोल बॉक्समध्ये (रेग्युलेटर आणि कटआउट असलेल्या डब्यात) किंवा मधल्या वायरीत. २० व्होल्टच्या पुढे मात्र जाऊ देऊ नये. अर्धा-एक व्होल्टच मिळाला तर फील्डची (स्थिर चुंबकाची) गुंडाळी, चार-पाच व्होल्टवर थांबला तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग), आणि काहीच मिळाले नाही तर आधी कार्बन (ब्रश) पाहावेत. आर्मेचर जळाले असले तरी निराश होण्याचे कारण नाही. नदीकाठच्या ऊसपट्ट्यात शेतीपंपांच्या मोटारी भरून देणारे कारागीर आहेत. त्यांच्यातला चांगला कारागीर हे कामही जाणतो.

चालू गाडीत बॅटरीची वायर काढून ‘इंजिन बंद पडते का’ हे पाहण्याची रीत अजून अनेक ठिकाणी आहे. ती कटाक्षाने टाळावी. बॅटरी सुटताच दाब उसळतो आणि अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात.

निदानाचा गाभा म्हणजे दाबघट, म्हणजे जोडणीत वाया जाणारे व्होल्ट, मोजणे. हेडलाइट लावून, इंजिन साधारण दीड हजार फेऱ्यांवर ठेवून, मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थकडच्या शिशाच्या खुंटीवर टेकवावे. वायरच्या लगवर (टोकाच्या कडीवर) नव्हे. दुसरे टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर. हा आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर टोक एकेक पायरी मागे आणत जावे: इंजिनाचा ब्लॉक, अर्थची पट्टी, चॅसीवरचा बोल्ट, लग. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, तिथे दोष. तो लग कापून पाहिला तर बाहेरून धड दिसणाऱ्या वायरीत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या आणि मुळाशी हिरवी भुकटी साचलेली दिसते. नुसत्या ओहम-मापनाने हे कळत नाही. एकच तार शाबूत असली तरी मीटर जवळजवळ शून्यच दाखवतो. भार चालू असतानाच अशा वायरीचे खरे रूप कळते.

लुकास वायरिंगमध्ये रंगाला अर्थ असतो. तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी इग्निशन स्विचनंतरची, हिरवी तीच फ्यूजमधून आलेली, जांभळी फ्यूजमधून पण कायम चालू, निळी हेडलाइटची, लाल पार्किंग-टेललाइटची, काळी अर्थची. एमजीबीत तपकिरी, पांढऱ्या आणि निळ्या वायरींना फ्यूजच नाही. तिथे शॉर्ट झाले तर वायरच जळते. मात्र पन्नास-साठ वर्षांत मिळेल त्या रिळाची वायर जोडली गेलेली असते, त्यामुळे रंगावर विसंबण्यापूर्वी दोन्ही टोके टेस्ट लॅम्पने पडताळावीत आणि प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधावी.

प्रत्येक तक्रार म्हणजे दोष नव्हे. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात रांग लागते. हेडलाइट, वायपर आणि इग्निशन मिळून पंधरा अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचतात. लुकासचा सी४० डायनामो भरगतीत २२ अँपिअर देतो, पण इंजिन मंद चालीवर असताना जवळजवळ काहीच नाही. तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरली, तर ती डायनामोची मर्यादा आहे.

उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर सर्व स्विच बंद करून बॅटरीच्या वायरीत मीटर एकसरीत घालावा. ५० मिलिअँपिअरची गळतीही दिवसाला १.२ अँपिअर-तास खाते आणि ४० अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत निम्म्याहून अधिक रिकामी करते. मग फ्यूज एकेक काढून पाहावेत. फ्यूज काढूनही गळती थांबत नसेल तर अल्टरनेटरचा गळका डायोड किंवा चिकटलेला कटआउट (इंजिन थांबल्यावर डायनामोला बॅटरीपासून तोडणारा स्विच) शोधावा. कटआउटचे पॉइंट चिकटले तर बॅटरीचा प्रवाह उलटा डायनामोत शिरतो आणि तो तापतो. अशा वेळी बॅटरी ताबडतोब सोडवावी.

सांगलीत याला पुराची जोड आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पाण्यात राहिलेल्या गाडीची वायर बाहेरून सुकते, पण उघड्या टोकातून शिरलेले पाणी तारांमधून आवरणाखाली वर चढत जाते आणि दोष काही महिन्यांनी उगवतो. तोही एकदा टेललाइट, एकदा हॉर्न, असा जागा बदलत. अशा गाडीत चावी फिरवण्याआधी बॅटरी काढावी, डायनामो आणि स्टार्टर उघडून गाळ धुवावा, बुलेट जोडांच्या (दोन वायरींची टोके नळीत दाबून केलेल्या जोडांच्या) गंजलेल्या नळ्या सरसकट बदलाव्यात. वायर टोकापासून वीतभर आत कापूनही तांबे काळेच निघाले, तर सांधे लावत बसण्यापेक्षा पूर्ण हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) नवा घालणे स्वस्त पडते.